चौथा पाय

आमचे तिपाईमामा कुठल्याही हॉटेलात शिरले की आधी टेबलाखाली जात. वेटर पाण्याचे ग्लास घेऊन यायचा तेव्हा खुर्चीवर कोणीच नसायचं आणि टेबलाखालून आवाज यायचा, "दोन इडली-वडा आण, आणि जरा हा कोपरा उचलून धर." मग शर्टाच्या खिशातून पॅकिंग निघायचं. पॅकिंग म्हणजे पत्र्याचे कातरलेले तुकडे, काडेपेटीचे घडी घातलेले पुठ्ठे आणि एखादा जुना रबरी वायसर. त्यातला नेमका तुकडा नेमक्या पायाखाली सारून मामा वर येत, दोन्ही हातांनी टेबल दाबून बघत आणि मगच त्यांना भूक लागे. चारकोप मार्केटजवळच्या एका हॉटेलात एका रविवारी स्वतःचं टेबल झाल्यावर त्यांनी शेजारच्या टेबलाकडे मोर्चा वळवला. तिथे एक जोडपं बसलं होतं, आणि मुलगा मुलीला काहीतरी महत्त्वाचं विचारायच्या बेतात होता. मामा त्याला म्हणाले, "पाय जरा बाजूला घे रे," आणि आत गेले. मुलीचं उत्तर काय आलं ते आम्हाला कळलं नाही, पण टेबल मात्र पक्कं बसलं.

तिपाई हे नाव माझ्या बाबांनी ठेवलेलं. त्यात कौतुक कमी आणि खवचटपणा जास्त होता, पण गल्लीने ते उचललं आणि मामांनीही ते पदवीसारखं मिरवलं. आमचं घर चारकोपच्या बैठ्या घरांच्या रांगेतलं, आणि मामांचं समोरच्या रांगेत, दोन दारं पुढे. मधली गल्ली एवढी अरुंद की आमच्याकडे फोडणी बसली की मामांना शिंक यायची. मामांचे वडील गिरणीत होते. मामा स्वतः इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात फिटर. नवीन मशीन आली की ती जमिनीवर सपाट बसवणं हे त्यांचं काम, आणि त्यात त्यांचा हात धरणारा आख्ख्या इस्टेटमध्ये कोणी नव्हता. बाबा फोर्टातल्या एका ऑफिसात हेडक्लार्क होऊन रिटायर झालेले. मामा त्यांना नावाने हाक न मारता 'हेडक्लार्क' म्हणत, आणि तेही कौतुकाने नव्हे.

मामांचं म्हणणं साधं होतं: जगात सगळं तीन ठिपक्यांवर ठरतं. हे पटवायची त्यांची पद्धत एकच, आणि गल्लीतल्या प्रत्येक घरातल्या ताटावर तिचा प्रयोग होऊन गेलेला. ते ताट उपडं करून एका बोटाच्या टोकावर धरत. "बघ गो नीलू, एक ठिपका. ताट कुठे जाईल? वाट फुटेल तिथे." मग दुसरं बोट लावत. "आता दोन. दोन ठिपक्यांची काय होते? रेघ होते. रेघेवर ताट इकडे पण कलतं, तिकडे पण कलतं." मग अंगठा बाजूला घेऊन टेकवत. "हा तिसरा. पण ओळीत नको हां, ओळीच्या बाहेर. आता हलव बघू. ह्या तीन टोकांवर बसेल असा सपाट तळ जगात एकच असतो, दुसरा नाही." चौथ्या बोटाचं काय, असं कोणी विचारलं की मामा करंगळी वर करत आणि शेजाऱ्याची तक्रार सांगावी तशा स्वरात म्हणत, "हा आगाऊ. तिघांनी ठरवलेल्यात बसला तर बसला, नाहीतर लटकतो, आणि मग सगळ्यांना हलवत बसतो."

पुढे शाळेत भूमितीच्या बाईंनी फळ्यावर लिहिलं की एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एक आणि एकच प्रतल जाते. मी हात वर करून सांगितलं की बाई, हे आमच्या गल्लीतल्या तिपाईमामांचं आहे. वर्ग हसला. बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं. घरी येऊन मामांना सांगितलं तर त्यांना बाईंचा राग आला नाही, उलट समाधान वाटलं. "म्हणजे पुस्तकापर्यंत पोचलं तर," ते म्हणाले.

त्यांच्या मते हे ज्ञान खरं तर बायकांचं. "चुलीला दगड किती? तीन. पोळपाटाला पाय किती? तीन. देवघरात शंखाची अडणी बघा. माझ्या आवशीन जल्मात चौथो दगड मांडल्यान नाय." पन्नास वर्षं मुंबईत काढलेल्या मामांची मालवणी अशी राग आला किंवा आईची आठवण आली की वर येई. ह्यावर बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "गाईला चार पाय, म्हशीला चार पाय. देवाला काय अक्कल नव्हती?" मला वाटलं मामा आता अडकले. पण मामांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "गाईला गुडघा असतो हेडक्लार्क. टेबलाला गुडघा दे, मी चार पाय मान्य करतो." त्या दिवशी बाबांकडून पेपर जरा जास्तच वेळ वाचला गेला.

मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. दोघांचं भांडण मात्र भरल्या घराचं होतं. मी तिकडे गेले की मामी मला मध्ये घालून बोलायच्या, "सांग तुझ्या मामांना, पोळपाटाखाली पॅकिंग घालायचं नसतं." मामा मला दाराच्या बिजागऱ्या दाखवायचे. "ह्या बघ. एक मी, एक तुझी मामी. दोन ठिपके. म्हणून हे दार दिवसभर आपटतं. कडी लावली की कसं एका जागी राहतं! तू आमची कडी." मी तेव्हा खूश झाले होते. कडीचं काम किती वैतागाचं असतं ते नंतर दोन वर्षं कळलं, आणि ते ह्या दोघांच्या भांडणात नव्हे, बाबा आणि मामांच्या.

त्या भांडणाची पहिली ठिणगी कपाटाची. आमचं लोखंडी कपाट आतल्या खोलीतून बाहेर काढायचं होतं. चार कोपऱ्यांना चौघे: बाबा, मामा आणि गाळ्यातले दोघे जण. कपाट अर्ध्या गल्लीत आलं असेल, तेवढ्यात मामा थांबले आणि चौघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघू लागले. "चौघे उचलतात तेव्हा एकावर वजन नसतं," त्यांनी जाहीर केलं. "एक जण नुसता चालतो. आता तो कोण ते बघूया." बाबांच्या कपाळावर घाम होता, दात आवळलेले होते. मामा ओरडले, "हेडक्लार्क नुसतो चलता हा!" बाबांना असा संताप आला की त्यांनी कपाट सोडलंच. बघणारे सगळे मागे पळाले. आणि कपाट होतं तिथेच राहिलं. खालच्या खणातल्या सामानाने वजन दुसऱ्या बाजूला गेलं होतं, ते तिघे ते तसंच घेऊन पुढे गेले, आणि बाबा रिकामे हात घेऊन गल्लीच्या मध्यावर उभे राहिले. गल्लीतली पोरं पुढे आठवडाभर बाबा दिसले की हात वर करून नुसती चालून दाखवत.

मामांना नंतर वाईट वाटलं. ते तोंडाने कबूल करणारे नव्हते, म्हणून त्यांनी बाबांसाठी टेबल केलं. स्वतःच्या हाताने, गाळ्यात, सुट्टीच्या दिवशी. चौकोनी फळी, तीन कोपऱ्यांना तीन पाय, चौथा कोपरा मोकळा. "तिकडे पाय पसरून बस," असं बाबांना सांगितलं. तोल राहावा म्हणून समोरच्या पायाला आतून लोखंडी ठोकळा लावला होता. पॉलिश असं की तोंड दिसावं. "जन्मात डुगडुगणार नाही," मामा म्हणाले. आणि खरंच डुगडुगलं नाही. खिडकीशी ते टेबल ठेवून बाबा रोज सकाळी त्यावर शब्दकोडं सोडवायला बसू लागले आणि कपाटाचं प्रकरण मिटलं असं आम्हाला वाटलं.

मग बाबांच्या ऑफिसातले जुने मोठे साहेब घरी आले. बाबा आयुष्यभर ह्या माणसाच्या केबिनबाहेर उभे राहिलेले. आईने उपमा केला होता, शिरा केला होता, बाबांनी भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. साहेब टेबलाशी बसले, "वा, काय सुंदर टेबल आहे," म्हणाले, आणि त्यांनी कौतुकाने मोकळ्या कोपऱ्यावर कोपर टेकवलं. पुढचं फार पटकन झालं. टेबल शांतपणे, अजिबात न थरथरता, त्या बाजूला झुकलं. उपमा, शिरा आणि दोन कप चहा साहेबांच्या पांढऱ्या पँटवर एकापाठोपाठ एक उतरले. साहेब बाबांचा लेंगा घालून रिक्षाने गेले.

मामांना बोलावणं धाडलं. त्यांनी येऊन आडवं पडलेलं टेबल बघितलं, उभं केलं, दाबून पाहिलं आणि बाबांना शांतपणे विचारलं, "डुगडुगलं का?"

"अरे पडलं ते! साहेबांच्या अंगावर पडलं!"

"पडलं. पण डुगडुगलं का? पडणं वेगळं, डुगडुगणं वेगळं."

"तिपाई," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता, "तू माझ्या दारात परत पाय ठेवू नकोस. तीन तर नकोसच, एक पण नको."

दोन वर्षं अबोला. दुसऱ्याच दिवशी बाबांनी नाक्यावरचा सुतार आणून टेबलाला चौथा पाय ठोकून घेतला. तो जरासा आखूड झाला. टेबल डुगडुगायला लागलं, आणि बाबांच्या लक्षात आलं की हा आवाज खिडकीतून थेट मामांच्या ओट्यावर जातो. मग रोज सकाळी सात वाजता बाबा शब्दकोड्याला बसत आणि कोपराने टेबल हलवत. टक-टक. आडवा शब्द सुचला की टक-टक. उभा शब्द सुचला नाही तर जास्तच टक-टक. समोर ओट्यावर मामा कानात बोटं घालून बसत. एकदा मामी काकुळतीला येऊन बाबांना म्हणाल्या, "भाऊजी, त्या आवाजाने हे चहासुद्धा घेत नाहीत हो." बाबा म्हणाले, "मग पॅकिंग घालायला सांगा. स्वतः येऊन घालू दे." आणि मामा म्हणत, "बोलावू दे. स्वतः तोंडाने बोलावू दे." मी दोन्हीकडे निरोप पोचवत होते. दोन्हीकडे मला चहा मिळायचा, एवढाच काय तो फायदा.

मार्चमधल्या एका सकाळी टक-टक मध्येच थांबली. मी आतल्या खोलीत अंधेरीला ऑफिसला जायच्या तयारीत होते. बाहेर आले तर बाबांच्या हातातलं पेन खाली पडलं होतं आणि ते पेनाकडे नुसते बघत होते. उजवी बाजू गेली होती.

हॉस्पिटलातून घरी आले तेव्हा बाबांचं तोंड वाकडं होतं, उजवा पाय ओढला जात होता आणि बोलणं तुटक झालं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आत्ताचे काही महिने महत्त्वाचे. ह्यात उभे राहून चालायला लागले तर चालतील, अंथरुणाला चिकटले तर मग फार कठीण. फिजिओथेरपीला येणारी मुलगी चांगली होती. तिने एक काठी आणून दिली. खाली चार छोटे पाय असलेली. आमच्या गल्लीतल्या लाद्या एकीचं तोंड पूर्वेला तर दुसरीचं पश्चिमेला अशा. दुसऱ्या दिवशी दाराबाहेर काठी टेकवली ती डुगडुगली, आणि बाबा आपटले. हाड मोडलं नाही, पण दुसरं काहीतरी मोडलं. त्यानंतर काठी पुढे केली की बाबा म्हणायचे, "नको." तेवढा एकच शब्द त्यांना अगदी स्पष्ट यायचा. आई मिनतवाऱ्या करायची, मी ओरडायचे, मग दोघी स्वयंपाकघरात जाऊन रडायचो. मला फार भीती वाटत होती. ऑफिसात चक्क पंचविशीची माणसं उठून पाणी प्यायला जाताना दिसली तरी मला त्यांच्या पायांकडे बघावंसं वाटे.

त्या दिवसांत मामी भाजी निवडायच्या निमित्ताने आईजवळ येऊन बसल्या. "टक-टक बंद झाली," त्या म्हणाल्या, "तर आता तरी ह्यांनी चहा प्यावा की नाही? ओट्यावर बसतात, तुमच्या खिडकीकडे कान लावतात आणि चहा तसाच. आता ह्या माणसाचं मी काय करू?"

पुढच्या रविवारी मामा आमच्या दारात उभे. दोन वर्षांनी, कोणी न बोलावता. बाबांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. कोपऱ्यातली काठी उचलली, जमिनीवर टेकवली, दाबली. टक. "चार पाय!" ते स्वतःशीच म्हणाले, आणि काठी घेऊन चालू लागले. आई मागून हाका मारतेय, "अहो, हॉस्पिटलची आहे ती!" तर थांबतील तर शपथ. दुपारी परत आले. काठीखालचे चार पाय गेले होते आणि त्या जागी तीन पसरट पाय वेल्ड करून बसवले होते, प्रत्येकाला नवं रबर.

"नीलू," मामा मला म्हणाले, "तुझ्या बाबाला सांग, काठी आणली म्हणून." बाबा त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते.

बाबांनी काठीकडे बघितलं. ओठ हलवायला वेळ लागला. "प... पडेन."

आता पहिल्यांदा मामांनी त्यांच्याकडे बघितलं. "पडशील," ते म्हणाले. "पण डुगडुगणार नाहीस."

बाबांच्या चेहऱ्याची डावी बाजू हळूहळू वर गेली, मग घशातून एक विचित्र आवाज यायला लागला, डोळ्यांतून पाणी. आईला वाटलं दुसरा झटका आला. ती डॉक्टरांना फोन लावायला धावली. बाबा हसत होते.

दुसऱ्या दिवसापासून गाळ्यावर जायच्या आधी मामा बाबांना गल्लीत घेऊन उभे राहायचे. पहिले तीन दिवस गडबड एकच: बाबा घाबरून काठी अगदी पायाला चिकटवून टेकवत आणि मग झोक जाऊन मामांच्या अंगावर येत. मामांनी खिशातून खडू काढला. बाबांच्या दोन पावलांशी दोन ठिपके काढले, काठीशी तिसरा. "बघ. तिन्ही एका ओळीत. ओळीत तीन असले काय नि तीनशे असले काय, ती रेघच. रेघेवर उभा राहिलेला माणूस पुढे पडतो नाहीतर मागे. काठी ओळीबाहेर टाक, पुढे, जरा बाजूला. मग तुझ्याखाली जमीन होईल." बाबा परत काठी पायाशी आणत आणि मामांची मालवणी सुटे, "अरे खय टाकतस ती काठी! फुडे! फुडे!" सगळी गल्ली दात घासता घासता बघत असायची. शेवटी मामांनी आमच्या दारापासून स्वतःच्या दारापर्यंत खडूने त्रिकोणच काढून ठेवले. पाऊल, पाऊल, काठी. पाऊल, पाऊल, काठी. निरोगी माणसाची सहा पावलं, बाबांसाठी चौदा त्रिकोण.

कोपऱ्यावरच्या घरातल्या वहिनी माहेरून परत आल्या तर गल्लीभर टोकांना ठिपके असलेले त्रिकोण. त्यांनी ते करणी समजून दर त्रिकोणावर अर्धं लिंबू आणि चिमूटभर हळदकुंकू ठेवलं. सकाळी बाबांचं पहिलंच पाऊल लिंबावर पडलं. मामांनी गल्ली डोक्यावर घेतली, वहिनींनी सोसायटीकडे तक्रार केली, आणि बोर्डावर नोटीस लागली: 'गल्लीत कोणीही कसल्याही आकृत्या काढू नयेत.' मामांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. नोटिशीला चार कोपऱ्यांत चार टाचण्या होत्या. मामांनी त्यातली एक काढून खिशात टाकली आणि त्रिकोण पुन्हा गिरवले.

फिजिओच्या मुलीने बाबांना चालताना बघून कपाळाला हात लावला. "काका, मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होते. काठी पुढे टाका, काठी पुढे टाका." मामा तिला समजावत म्हणाले, "तुम्ही सांगितलंत हो मॅडम. पण का, ते नाही सांगितलंत. हेडक्लार्क माणूस आहे, कारण लिहून दिल्याशिवाय फाईल पुढे सरकत नाही."

पावसाने त्रिकोण पुसले की मामा ते परत काढत. श्रावणाच्या सुरुवातीला बाबा चौदावा त्रिकोण ओलांडून मामांच्या ओट्यावर जाऊन बसले. मामांनी शाबासकी वगैरे काही दिली नाही. बाबांच्या खुर्चीखाली वाकून एका पायाला पॅकिंग सारलं आणि मामींना म्हणाले, "चहा टाक. दोन." मामींनी आधण ठेवलं आणि मग त्या बराच वेळ पदराने डोळे पुसत होत्या. चहा पिऊन झाल्यावर बाबा म्हणाले, "तो... चौथा पाय... काढ." मामांनी त्याच दिवशी टेबलाचा चौथा पाय काढला. मग कानावर पेन्सिल ठेवून बराच वेळ टेबलाकडे बघत राहिले, आणि करवत घेऊन मोकळा कोपराच कापून टाकला. टेबल त्रिकोणी झालं. "पाय तीन बरोबरच होते," ते माझ्याकडे बघत म्हणाले, बाबांकडे नाही. "कोपरा जास्त झाला होता. ते माझं चुकलं." मामांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द मी त्या एकाच वेळी ऐकला.

पुढची दोन वर्षं रोज सकाळी बाबा काठी टाकत मामांच्या ओट्यावर जायचे. तिथे दोघे मिळून शब्दकोडं सोडवायचे आणि उभ्या शब्दांवरून भांडायचे. खडूचे त्रिकोण कधीच पुसून गेले होते, पण बाबांची काठी त्याच लाद्यांवर पडायची. कडीचं काम सुटलं म्हणून मला हायसं वाटत होतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात मामा दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. मामी मला म्हणाल्या, "कसले गेले गं, चहासुद्धा न घेता," आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. मानखुर्दहून त्यांचा पुतण्या आला, गाळ्यातली माणसं आली. गल्लीत तिरडी बांधून झाली. पुतण्या आणि गाळ्यातले दोघे तीन कोपऱ्यांना उभे राहिले, चौथ्यासाठी सोसायटीतला कोणीतरी पुढे झाला. तेवढ्यात बाबा ओट्यावरून उठले. काठी पुढे, पाऊल, पाऊल. ते पायांकडच्या कोपऱ्याशी जाऊन उभे राहिले आणि त्या माणसाला त्यांनी बाजूला केलं.

"काका, तुम्ही नको," पुतण्या म्हणाला. "तुम्हाला झेपणार नाही."

"चौथ्यावर... वजन नसतं," बाबा म्हणाले. "त्यानेच... सांगितलंय. सगळ्यांसमोर."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मी पुढे होणार होते. दारातून मामींचा आवाज आला, "घेवंदेत तेंका." पुतण्याने वाकून आपल्या बाजूचा बांबू धरला.

तिरडी उचलली. बाबांनी लुळा उजवा खांदा बांबूखाली घातला, डाव्या हाताने काठी पुढे टाकली, आणि चालले. मी मागून जात होते. माझे डोळे फक्त त्यांच्या काठीवर होते. काठी एकदाही पायांच्या ओळीत पडली नाही. गल्लीच्या तोंडाशी शववाहिनी उभी होती, तिथपर्यंत बाबा गेले.

गाडी निघायच्या आधी पुतण्या घाईघाईने माझ्याजवळ आला. "ताई, घाबरू नका हां," तो हळू आवाजात म्हणाला. "आम्ही तिघांनी मुद्दाम वर धरलं होतं. काकांच्या खांद्याला बांबू नीट टेकतसुद्धा नव्हता."

मी बाबांना घरी आणलं. अंघोळ घातली, खिडकीशी त्रिकोणी टेबलाजवळ बसवलं, आईने चहा ठेवला. बाबांनी चहाला हात लावला नाही. उजवा खांदा डाव्या हाताने चोळत ते समोरच्या रिकाम्या ओट्याकडे बघत राहिले.

"खोटारडा," शेवटी म्हणाले. "होतं वजन."